कारखाना घेतला, नाव राहून गेलं

व्यवसाय करणाऱ्या लोकांकडून एक प्रश्न हमखास येतो. "एक जुना ब्रँड विकत मिळतोय, घेऊ का?" कुणी लोणच्याचं नाव घेत असतं, कुणी बंद पडलेल्या साबणाचं, कुणी भागीदारी सोडून जाणाऱ्या मित्राकडून दुकानाची पाटी. वकिलाला विचारलंत तर तो दहा मिनिटांत काय करायचं ते सांगेल. मी पडलो इतिहासाचा माणूस, त्यामुळे उत्तर द्यायला मला आधी १९९८ सालच्या इंग्लंडमध्ये जावं लागणार. तिथे एका बलाढ्य कंपनीने ४३ कोटी पौंड मोजले, आणि ज्या नावाने सगळं जग त्या मालाला ओळखत होतं, ते नाव त्या व्यवहारात आलंच नाही.

नाव होतं रोल्स-रॉइस. आपल्याकडे हे नाव निघालं की संस्थानिकांच्या गोष्टी सुरू होतात. अलवरच्या महाराजांनी या गाड्या कचरा उचलायला लावल्या, हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. त्याला धड पुरावा नाही, म्हणून तो आपण इथेच सोडून देऊ. आपल्याला हवी आहे ती गोष्ट राजवाड्यातली नाही, दिवाळखोरीतली आहे.

चार्ल्स रोल्स आणि हेन्री रॉइस १९०४ मध्ये मँचेस्टरच्या एका हॉटेलात भेटले. दोन वर्षांनी त्यांची कंपनी उभी राहिली. पुढे या एकाच कंपनीची दोन अंगं झाली. एक मोटारी बनवायचं, दुसरं विमानांची इंजिनं. पैसा आणि पसारा दोन्ही इंजिनांच्या बाजूला वाढत गेला. साठच्या दशकाच्या शेवटी कंपनीने अमेरिकेतल्या लॉकहीडच्या प्रवासी विमानासाठी आरबी-२११ नावाचं नवं इंजिन बनवायचं कंत्राट घेतलं. ठरलेल्या किमतीत ते इंजिन बनेना. खर्च फुगत गेला आणि ४ फेब्रुवारी १९७१ रोजी रोल्स-रॉइस कंपनी दिवाळखोरीत निघाली. आज आपल्याला कल्पना येणार नाही, पण ब्रिटिश माणसाला तो धक्का केवढा असेल! सरकार हुजूर पक्षाचं, म्हणजे खाजगी उद्योगाचा पुरस्कार करणारं. तरीही त्याने इंजिनांचा धंदा राष्ट्रीयीकरण करून वाचवला, कारण हवाई दलाचं त्यावाचून चालणार नव्हतं.

मोटारींचा विभाग मात्र सरकारला नको होता. तो वेगळा काढला आणि १९७३ मध्ये स्वतंत्र कंपनी म्हणून त्याचे शेअर बाजारात विकले.

आता इथे जरा थांबा. घर एक, नाव एक आणि वारस झाले दोन. इंजिनवाले पण रोल्स-रॉइस, मोटारवाले पण रोल्स-रॉइस. मग नावाची मालकी कुणाची? ती ठेवली इंजिनवाल्यांकडे. 'रोल्स-रॉइस' हे नाव आणि एकात एक गुंफलेली दोन 'आर' ही अक्षरं विमान-इंजिन कंपनीच्या मालकीची राहिली. मोटार कंपनीला मिळाली ती नुसती वापरायची मुभा, म्हणजे परवाना. आणि उद्या मोटार कंपनी परक्या हाती गेली, तर हा परवाना आपोआप तिच्यामागे जाईल असंही नव्हतं.

पुढची पंचवीस वर्षं या कागदाकडे बघायची कुणाला गरज पडली नाही. १९८० मध्ये विकर्स या ब्रिटिश कंपनीने मोटार कंपनी घेतली. क्रू गावातल्या कारखान्यात गाड्या बनत राहिल्या, त्यांच्या नाकावर ती पंख पसरलेली बाई उभी राहत राहिली. गाडी बघणाऱ्याला काय ठाऊक, की बाई एका मालकाची आणि तिच्याखालची अक्षरं दुसऱ्याची!

१९९७ च्या अखेरीस विकर्सने मोटार कंपनी विकायला काढली. दोन जर्मन ग्राहक पुढे आले. एक बीएमडब्ल्यू, दुसरी फोक्सवॅगन, जिचा पुढे आपल्या चाकणला कारखाना झाला. बीएमडब्ल्यूचं पारडं आधीपासून जड होतं. क्रूच्या नव्या गाड्यांना इंजिनं तीच पुरवत होती. शिवाय विमान-इंजिनवाल्या रोल्स-रॉइसबरोबर तिची १९९० पासून भागीदारीही होती. बीएमडब्ल्यूने ३४ कोटी पौंडांची बोली लावली. फोक्सवॅगनने ४३ कोटींवर नेली. जूनमध्ये विकर्सच्या भागधारकांनी मोठ्या आकड्याला कौल दिला. भागधारक दुसरं काय करणार!

फोक्सवॅगनच्या पदरात काय पडलं, ते नीट बघा. क्रूचा कारखाना, तिथले कसबी कामगार, गाड्यांचे आराखडे. ती पंखवाली मूर्ती. देवळाच्या खांबांसारखी दिसणारी पुढची जाळी, तिचा आकारसुद्धा नोंदवलेला होता. आणि त्याच छपराखाली बनणाऱ्या बेंटलीचं संपूर्ण नाव. सगळं मिळालं. फक्त 'रोल्स-रॉइस' हा शब्द मिळाला नाही, कारण विकर्सकडे तो विकायला नव्हताच. जो माल दुकानदाराचा नाही तो तो कसा विकणार? शब्दाचा मालक होता इंजिनवाला, आणि इंजिनवाल्याने तो दिला बीएमडब्ल्यूला. ४ कोटी पौंडांत. एकाने ४३ कोटी देऊन गाडी घेतली आणि दुसऱ्याने ४ कोटी देऊन तिचं नाव.

बरं, नुसत्या नावाने तरी बीएमडब्ल्यू काय करणार? तिच्याकडे ना कारखाना, ना मूर्ती, ना जाळी. आणि फोक्सवॅगनकडे हे सगळं असून गाडीवर नाव घालायची सोय नाही. त्यात इंजिनं बीएमडब्ल्यूची, ती थांबवायचा हक्क तिच्या हातात. अर्धी किल्ली याच्याकडे, अर्धी त्याच्याकडे.

२८ जुलै १९९८ ला तोडगा निघाला. २००२ संपेपर्यंत फोक्सवॅगनने क्रूमध्ये रोल्स-रॉइस नावाने गाड्या बनवायच्या, इंजिनं बीएमडब्ल्यू देत राहील. १ जानेवारी २००३ पासून नाव बीएमडब्ल्यूचं, आणि मूर्ती आणि जाळीही तिच्याकडे. फोक्सवॅगनला उरणार क्रू आणि बेंटली. बीएमडब्ल्यूने इंग्लंडच्या दक्षिणेला गुडवुड इथे कोरा कारखाना बांधला. २००३ च्या पहिल्या तारखेला मध्यरात्रीनंतर एका मिनिटाने तिथल्या पहिल्या फँटमची किल्ली ग्राहकाच्या हातात ठेवली. त्या क्षणाआधी ती गाडी कायद्याने रोल्स-रॉइस म्हणून देताच आली नसती.

फोक्सवॅगनचे प्रमुख फर्डिनांड पीएश नंतर म्हणाले की आम्हाला खरं तर बेंटलीच हवी होती. यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर फोक्सवॅगनला कागद माहीत नव्हता असं मला वाटत नाही. एवढ्या मोठ्या कंपनीचे वकील झोपा काढत नसतात. त्यांनी हिशेब केला असणार, की कारखाना आणि मूर्ती आमच्या हातात आली की नाववाला येईल वळणावर. आधी वस्तू घेऊ, नावाचं नंतर बघू. हा 'नंतर बघू' त्यांना नडला. बेंटलीने पुढे त्यांना भरपूर कमावून दिलं, हे मान्य. पण ती त्यांची ताकद. तुमच्या-माझ्यासारख्याने घर गहाण ठेवून ब्रँड घेतला आणि असं झालं, तर दुसरी बेंटली कुठून आणणार?

बेंटलीचं नाव निघालंच आहे तर तिचीही गोष्ट ऐका, कारण ती विकणाऱ्याच्या बाजूची आहे. डब्ल्यू. ओ. बेंटली यांची कंपनी १९३१ मध्ये बुडाली, आणि ती एका मध्यस्थाला पुढे करून रोल्स-रॉइसने घेतली. कंपनीबरोबर तिचं नावही गेलं. आणि ते नाव म्हणजे बेंटली साहेबांचं स्वतःचं आडनाव. पुढे ते लॅगोंडा कंपनीत गेले, तिथे त्यांनी नवी गाडी तयार केली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या गाडीच्या नावात 'बेंटली' घालायचं ठरलं तेव्हा रोल्स-रॉइस कोर्टात गेली आणि जिंकली. माणूस तोच, हात तेच, आणि आपल्याच गाडीला आपलं आडनाव लावायची चोरी! आपल्याकडे मसाल्यापासून दागिन्यांपर्यंत निम्मी दुकानं आडनावावर चालतात. असं नाव घेताना घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने, दोघांनी आधी विचारायला हवं, की उद्या त्याच आडनावाचा पुतण्या शेजारच्या गल्लीत दुकान काढेल, त्याचं काय?

आता आपल्या रस्त्यांवर या. एमजीच्या गाड्या तुम्ही रोज बघता. गुजरातेत हालोलला त्या २०१९ पासून बनतात, आणि त्यामागची मूळ कंपनी शांघायची, साइक. याच साइकला एक नाव हवं होतं आणि ते मिळालं नाही. ते नाव आज टाटांच्या घरात आहे.

नाव होतं रोव्हर. बीएमडब्ल्यूने १९९४ मध्ये रोव्हर समूह घेतला होता, तो झेपेना म्हणून २००० मध्ये तुकडे करून विकला. लँड रोव्हर गेली फोर्डकडे. उरलेली मोटार कंपनी एका ब्रिटिश गटाला दिली, चक्क दहा पौंडांत. पण रोव्हर हे नाव बीएमडब्ल्यूने स्वतःकडे ठेवलं आणि नव्या मालकांना ते वापरायची फक्त परवानगी दिली. रोल्स-रॉइसच्या वेळी जे शिकली ते विसरली नव्हती. ती कंपनी २००५ मध्ये बुडाली. साइकने तिच्या गाड्यांचे आराखडे आधीच घेऊन ठेवले होते, ६ कोटी ७० लाख पौंड देऊन. २००६ मध्ये ती नाव मागायला बीएमडब्ल्यूकडे गेली. तोवर एक कलम जागं झालं. नाव विकायची वेळ आली तर पहिला हक्क फोर्डचा, कारण लँड रोव्हरच्या नावातच रोव्हर आहे आणि उद्या गिऱ्हाइकाचा गोंधळ व्हायला नको. फोर्डने तो हक्क बजावला. साइककडे आराखडे राहिले, नाव गेलं. शेवटी त्यांनी 'रोवे' असं मिळतंजुळतं नवं नाव बनवून गाड्या विकल्या. दोन वर्षांनी, जून २००८ मध्ये, टाटांनी फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर २३० कोटी डॉलरला घेतल्या, त्याबरोबर रोव्हर हे नावही आलं.

नाव एका खिशात आणि कारखाने दुसऱ्या खिशात ठेवणं टाटांना नवीन नव्हतं म्हणा. 'टाटा' हे नाव टाटा सन्सच्या मालकीचं आहे, समूहातल्या कंपन्या ते वापरतात. किर्लोस्करांकडेही नावाची मालकी किर्लोस्कर प्रोप्रायटरी या वेगळ्या कंपनीकडे आहे. म्हणजे उद्या अशा एखाद्या समूहातली कंपनी कुणी विकत घेतली, तर पाटी बरोबर येईलच असं नाही.

आणि आता खास आपल्या मराठी कानांसाठी गोष्ट. आंब्याचं पेय, नाव 'माझा'. तर माझा नेमका कुणाचा?

पार्ले हे नाव विलेपार्ल्यावरून आलं, हे मुंबईकरांना सांगायला नको. रमेश चौहान यांच्या पार्लेने १९६९ मध्ये बिसलेरी हे इटालियन नाव विकत घेऊन पाण्याचा धंदा उभारला. म्हणजे दुसऱ्याचं नाव घेऊन मोठं कसं करायचं, हे या घराला चांगलं ठाऊक. कोका-कोला १९७७ मध्ये भारतातून गेली, तेव्हा थम्स अप आलं. १९९३ मध्ये कोका-कोला परतली ती पैसे घेऊनच, आणि चौहानांची थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा ही सगळी नावं तिने घेतली. गोल्ड स्पॉट नंतर बाजारातून नाहीसं झालं. ज्यांच्या लहानपणी ते होतं ते अजून हळहळतात. विकत घेणारा नाव वाढवायलाच घेतो, असं कुणी सांगितलं?

माझाचा वाद मात्र पंधरा वर्षांनी पेटला. १९९३ चा करार होता भारतापुरता. २००८ मध्ये कोका-कोलाने तुर्कस्तानात 'माझा' नाव नोंदवायला अर्ज केला. बिसलेरीने हरकत घेतली आणि नोटीस पाठवून करार मोडल्याचं कळवलं, हे नाव आम्ही पुन्हा वापरणार असंही सांगितलं. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. प्रश्न मजेदार होता. माल भारतात बनवला, पण विकायला परदेशी पाठवला, तर भारतातल्या हक्काला धक्का लागतो का? २००९ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेशात सांगितलं, लागतो. निर्यातीसाठी भारतात बनवलेल्या मालावरही हे नाव बिसलेरीला वापरता येणार नाही.

कोका-कोलाच्या बाजूने आदेश झाला, पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागलीच. १९९३ मध्ये दोघांच्याही डोळ्यांपुढे भारताची बाजारपेठ होती, तुर्कस्तान कुणाच्या मनात असेल? तुम्ही आज नाशिकच्या चिवड्याचं नाव घेताय आणि मुलगी दुबईला आहे, तर दुबई आत्ताच करारात लिहा. ट्रेडमार्कचा हक्क देशागणिक वेगळा असतो. भारतात नोंदणी आहे म्हणून दुबईत आपोआप काही मिळत नाही.

पूर्वी ही सगळी भानगड कमी होती, कारण नाव धंद्यापासून सुटं करताच येत नसे. ट्रेडमार्क म्हणजे माल कुठून आला त्याची खूण. मग खूण विकून कारखाना मागे ठेवला तर ती गिऱ्हाइकाची फसवणूक, असं ब्रिटिश कायदा मानायचा. १९३८ च्या कायद्याने तिथे ती गाठ सैल केली. आपल्या १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यातही नाव नावलौकिकासकट किंवा त्याच्याशिवाय विकता येतं. पण सरकारने दारं सताड उघडलेली नाहीत. धंद्याचा नावलौकिक न घेता नुसतं वापरातलं नाव घेतलंत, तर सहा महिन्यांच्या आत निबंधकाकडे अर्ज करून जाहिरात कशी द्यायची याचे निर्देश घ्यावे लागतात. मुदत फार तर तीन महिने वाढते. हे केलं नाही तर हस्तांतरण लागूच होत नाही. पैसे गेलेले असतात, नाव आलेलं नसतं.

दुसरी अडचण वाटणीची. समजा इंदूरचा एक जुना फरसाणवाला वारला. मुलं दोन. थोरल्याने म्हटलं महाराष्ट्र माझा, धाकट्याने म्हटलं मध्य प्रदेश माझा, नाव दोघांचं. घरात पेढे वाटले. पण एकाच मालासाठी एकच नाव देशाच्या एका भागात एकाचं आणि दुसऱ्या भागात दुसऱ्याचं, अशी वाटणी कायदा सहसा चालू देत नाही. निबंधकाची मान्यता लागते. आता तुम्ही पुण्यात थोरल्याकडून 'महाराष्ट्राचे हक्क' घ्यायला निघालात, तर आधी विचारा की त्याच्याकडे विकण्याजोगं काही आहे का. नोंदणी बघा, कदाचित अजून वारलेल्या वडिलांच्याच नावावर असेल. हे बघायला कुणाचे पाय धरायला नकोत. ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध फुकट घेता येतो. मालक कोण, कोणत्या वर्गात, कुणाची हरकत आहे का, दहा वर्षांनी करायचं नूतनीकरण झालंय का, सगळं दिसतं. त्याच मालकाची मिळतीजुळती नावं एकमेकांशी जोडलेली म्हणून नोंदवली असतील, तर ती सगळी एकत्रच घ्यावी लागतात, सुटी नाही. आणि नाव पाच वर्षांहून जास्त काळ कुणी वापरलंच नसेल, तर तिसरा माणूस ते नोंदवहीतून काढून टाकायला अर्ज करू शकतो. बंद पडलेल्या साबणाचं नाव घेणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

डब्यावरचं चित्र कुणी काढलं हेही विचारा. नाव ट्रेडमार्कमध्ये येतं, चित्रावर कॉपीराइटही असतो, आणि तो कदाचित चित्रकाराकडेच राहिलेला असेल. कॉपीराइट लिहून घेताना मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. क्रूमध्ये मूर्ती एकाकडे आणि अक्षरं दुसऱ्याकडे गेली, तसं तुमच्या चिवड्याच्या पाकिटाचं होऊ शकतं.

करार लेखी हवा, मुद्रांक शुल्क आपापल्या राज्याप्रमाणे भरलेलं हवं. सगळे पैसे पहिल्याच दिवशी देऊ नका. थोडे अडकवून ठेवा, नोंदवहीत तुमचं नाव लागेपर्यंत. त्यासाठी टीएम-पी नावाचा अर्ज असतो. तो करारानंतर लगेच टाका. कारण तो पडेपर्यंत, विक्रेत्याने तेच नाव आणखी कुणाला विकलं आणि त्या बिचाऱ्याला तुमचा करार माहीत नसला, तर तुमचा कागद त्याच्याविरुद्ध चालत नाही. अर्जाची पोच करारालाच टाचून ठेवा.

प्रश्न असतील तर नेहमीप्रमाणे पाठवा. पुढच्या भागात भेटू.